धुराला कामास लावणारा यंत्रज्ञ

आषाढीच्या वारीसाठी रुक्मिणीमातेची पालखी ज्या कौंडण्यपुराहून पंढरपुरास जाते, तेथील रस्त्यावर कापसाच्या गाठींनी लादलेले मालट्रक आपण पाहिले असतील. चढ लागला की इंजिनाच्या घरघरीत शीळ घातल्यासारखा एक बारीक आवाज मिसळतो. मुलांनो, ती शीळ कोठून येते हे जाणून घ्यावयाचे, तर आपणांस वर्धेच्या तीरावरून दूर स्वित्झर्लंड देशातील विंटरथूर या गावी जावे लागेल.

विंटरथूर हे यंत्रांच्या कारखान्यांचे गाव. तेथील सुल्झर बंधूंच्या कारखान्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी 11 जुलै 1879 रोजी आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म झाला. योगायोग असा की, ज्यांच्या नावाने डिझेल इंजिन ओळखले जाते, ते रुडॉल्फ डिझेल त्याच वर्षी याच कारखान्यात काम शिकत होते.

1903 साली झुरिच येथील तंत्रविद्यालयाची पदवी घेऊन ब्यूखी यांनी बेल्जम व इंग्लंड या देशांत नोकरी केली. तेथे एक गोष्ट त्यांच्या मनास सलू लागली. इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कामी येई; बाकीची तप्त धुरावाटे आणि इतर मार्गांनी वाया जाई.

चुलीत लाकडे कितीही कोंबली, तरी हवा न मिळाल्यास नुसता धूर होतो. मग आई फुंकणी घेते. इंजिनाचेही तसेच आहे. साधे इंजिन दट्ट्याच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेते, आणि तेवढ्याच हवेत जळेल इतकेच इंधन त्यास देता येते. अधिक शक्ती हवी, तर अधिक हवा कोंबली पाहिजे. परंतु ही फुंकणी फुंकावी कोणी? वाया जाणाऱ्या धुरानेच, असे ब्यूखी यांनी ठरविले. धुराच्या झोताने एक पात्यांचे चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटावी, अशी ती योजना होती. 16 नोव्हेंबर 1905 रोजी या कल्पनेसाठी त्यांनी जर्मनीत एकस्व मिळविले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

कागदावरची ही कल्पना लोखंडात उतरावयास मात्र वीस वर्षे लागली! सुल्झरच्या कारखान्यात परतून त्यांनी प्रयोग आरंभिले. 1915 साली पहिले इंजिन उभे राहिले. पण ते भरवशाचे ठरले नाही. धुराच्या वाटेत चाक बसविले की धूर अडे, एका नळकांड्याचा धूर दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणी. अखेरीस निरनिराळ्या नळकांड्यांच्या गटांस धुराच्या स्वतंत्र नळ्या देण्याची युक्ती त्यांनी काढली. उपाय ऐकावयास किती सोपा वाटतो!

त्याच सुमारास ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर त्यांची पद्धत वापरण्यात आली. दहा नळकांड्यांच्या ज्या इंजिनाची शक्ती 1750 अश्वशक्ती होती, ते आता 2500 अश्वशक्ती देऊ लागले. इंजिनाचा आकार तोच राहिला. मग जहाजे, आगगाड्यांची इंजिने आणि पुढे मालट्रक यांत या साधनाचा प्रसार झाला. त्यासच आज टर्बोचार्जर म्हणतात.

1959 साली ब्यूखी निवर्तले. पेट्रोलच्या मोटारीत टर्बोचार्जर बसवून ती बाजारात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 1962 साली अमेरिकेत ‘जेटफायर’ ही तशी मोटार निघाली. परंतु पेट्रोलमिश्रित हवा अधिक दाबली की ती अवेळी पेटून इंजिनास ठोके बसतात. ते टाळण्यासाठी पाणी व मद्यार्क यांचे मिश्रण एका टाकीत भरावे लागे. मालक ते भरावयास विसरत, आणि कित्येक मोटारींचे टर्बोचार्जर पुढे काढून टाकावे लागले. साध्या इंजिनास केवळ हे यंत्र जोडून भागत नाही. त्याचे दट्टे, दाब आणि इंधनाचा पुरवठा ही सारीच नव्याने जुळवावी लागतात.

डिझेल इंजिनात ही अडचण येत नाही. तेथे आधी नुसती हवाच दाबली जाते, इंधन मागाहून शिरते. म्हणूनच मालट्रकांत हे साधन इतके रुजले. चढावर इंधन वाढते, धुराचा झोत वाढतो आणि लहानसे चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ लागते. आपण ऐकलेली शीळ ती हीच.