हाडांची चित्रं काढणारा मुलगा

परीक्षा जवळ आली की अनेक घरांत चित्रकलेची वही सगळ्यात आधी माळ्यावर जाते. चित्रं काढण्यात गेलेला वेळ म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, असा आपला समज असतो. एकशे साठ वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका डॉक्टर वडिलांचाही असाच समज होता. त्यांचा मुलगा पुढे आधुनिक मेंदूविज्ञानाचा जनक म्हणून ओळखला गेला आणि त्यात त्याच्या चित्रकलेचा मोठा वाटा होता.

सान्तियागो रामोन ई काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या खेड्यात झाला. वडील हुस्तो गरिबीतून शिकून डॉक्टर झालेले. मुलानेही डॉक्टरच व्हावं, हा त्यांचा हट्ट. मुलाला मात्र चित्रांचं वेड. हाती आलेल्या पैशांचा तो कागद आणि पेन्सिली घ्यायचा. रंग मिळाले नाहीत तर भिंतीचा रंग खरवडायचा, नाहीतर सिगारेटच्या कागदांच्या पुडक्यांची रंगीत वेष्टनं भिजवून रंग काढायचा.

चर्चच्या भिंती रंगवायला गावात एक कारागीर आला, तेव्हा वडिलांनी त्याला मुलाचं चित्र दाखवलं. यात काही राम नाही, असा निकाल त्याने दिला. त्या एका शब्दावर घरात चित्रकलेला बंदी झाली. मुलगा लपूनछपून चित्रं काढत राहिला. पाठांतर आणि छडी यांवर चालणाऱ्या शाळेत त्याचं मन रमेना. खोड्या इतक्या वाढल्या, की अकराव्या वर्षी घरगुती तोफ बनवून शेजाऱ्याचं फाटक उडवल्याबद्दल त्याला काही दिवस कोठडीत काढावे लागले. वठणीवर आणण्यासाठी वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला ठेवलं.

बदल घडला तो १८६८ च्या उन्हाळ्यात. शरीररचना शिकवायची म्हणून वडील सोळा वर्षांच्या मुलाला स्मशानात घेऊन गेले. तिथे उघड्यावर पडलेली हाडं दोघांनी गोळा करून घरी आणली. मुलगा एकेक हाड हातात घेऊन त्याचं चित्र काढू लागला. हाडावरची खाच कशासाठी, हे भोक कुठे उघडतं, हे चित्र काढताना आपोआप कळत गेलं. पुस्तकातून डोक्यात न शिरणारा विषय पेन्सिलीतून शिरला. पुढे झारागोझाला दोघे मिळून शवविच्छेदन करू लागले, तेव्हा मुलाच्या चित्रांचा ॲटलास छापायचं स्वप्न वडीलच पाहू लागले. तिथल्या छपाईला ते काम झेपलं नाही, पण घरातली बंदी केव्हाच उठली होती.

१८७३ मध्ये काहाल डॉक्टर झाले. लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला गेले आणि मलेरियाने खंगून परतले. पुढे साठवलेल्या पैशांतून त्यांनी मायक्रोस्कोप घेतला. १८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या कामिलो गोल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. या पद्धतीत हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण त्या फांद्यांसकट स्पष्ट दिसतात. सगळ्या चेतापेशी जाळ्यासारख्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, असं तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानत. गोल्जींचंही मत तेच होतं. काहाल यांनी पिल्लांच्या आणि गर्भांच्या मेंदूचे काप पाहिले, काढले, पुन्हा पाहिले. त्यांना प्रत्येक फांदी कुठेतरी संपताना दिसली. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे त्यांनी १८८८ मध्ये मांडलं. १९०६ चं नोबेल त्यांना आणि गोल्जींना विभागून मिळालं.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी त्यांचं निधन झालं. मागे हजारो चित्रं राहिली. त्यातली अनेक एकाच कापाची नक्कल नाहीत. कितीतरी काप पाहून समजलेलं त्यांनी एका चित्रात मांडलं आहे. तरुण संशोधकांनी चित्रकला शिकावी, असा त्यांचा आग्रह होता, कारण चित्र काढायचं तर वस्तू पूर्ण पाहावीच लागते.

एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही. पण त्यांना जे अनुभवाने कळलं, त्याला आता प्रयोगांचाही आधार आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही शब्द लिहायला आणि काहींची चित्रं काढायला सांगितली. चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, चित्र चांगलं असो वा नसो. अर्थ समजून घेणं, मनात आकार उभा करणं आणि हात चालवणं ही तिन्ही कामं एकदम होतात, म्हणून असं होत असावं, असं ते सांगतात.

म्हणूनच मुलाचं चित्र पाहताना ते सुंदर आहे का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. त्याने काय पाहिलं, हे विचारावं. फूल, किडा, दाराची कडी, काहीही समोर ठेवून काढू द्यावं. परीक्षेच्या दिवसांत विज्ञानाचा धडाही त्याला चित्रातून सांगायला लावावा. आणि कोणा एकाच्या शेऱ्यावरून वही बंद करू नये. त्या रंगाऱ्याचा अंदाज किती चुकला, हे आपल्याला माहीत आहे.