मोजून मगच बोलणारे जगदीशचंद्र बोस



आपल्या मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरते आणि त्यातून वीज तयार होते. या धरणासाठी गावे बुडाली, १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. वीज फुकट मिळत नसते. तरीही अमुक स्फटिकातून इंधनावाचून अखंड वीज निघते, असे सांगणारे भेटतात. म्हणून स्फटिकांचा खरा अभ्यास करणाऱ्या एका थोर पुरुषाची ओळख करून घ्या.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील मोठे सरकारी अधिकारी. तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेऐवजी मातृभाषेच्या शाळेत घातले. तेथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. ही मुले घरी आली की आई सर्वांना सारख्याच मायेने खाऊ घाली.

केंब्रिजला शिकून ते १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रजांपेक्षा कमी पगार देऊ केला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही. शिकवणे मात्र सोडले नाही. अखेर सरकार नमले.

गॅलेना हे शिशाचे चकाकणारे खनिज. त्यावर तारेचे टोक टेकवले, की वीज एका दिशेने सहज वाहते, उलट दिशेने अडते. हा गुण जर्मनीच्या ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदला होता. बोस यांनी गॅलेना बिनतारी लहरी टिपण्यासाठी वापरला. त्याचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळाले. अशा अर्धवाहकांत इलेक्ट्रॉन असे का वागतात, याचा उलगडा १९३१ मधील विल्सन यांच्या सिद्धान्तापासून होऊ लागला.

पण ध्यानात घ्या, स्फटिक शक्ती निर्माण करीत नाही. क्रिस्टल रेडिओ बॅटरीवाचून वाजतो, कारण नभोवाणी केंद्राची लहर त्याला शक्ती पुरवते.

धातू आणि वनस्पती यांच्या प्रतिसादांविषयी बोस यांनी पुढे काढलेल्या काही निष्कर्षांवर विद्वानांनी आक्षेप घेतले. त्यांनी रागावून नव्हे, अधिक सूक्ष्म उपकरणे बनवून उत्तर दिले. १९१७ मध्ये त्यांनी संशोधन संस्था स्थापली आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रांनो, कुणी चमत्कार सांगितला, तर शक्ती कोठून आली आणि किती, एवढे अवश्य विचारा. पालकहो, मुलांच्या अशा प्रश्नांना उद्धटपणा समजू नका. इल्मची सुरुवात तेथूनच होते.