एका रांगेतला आवाज

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील मांडववाल्याकडे कामाला आहेत. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात लाउडस्पीकरच्या पेट्या वाहायच्या, मांडायच्या, हे त्यांचे काम. प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी मात्र ‘शेती’ असे लिहिले होते. आम्हांला शेत नाही.

त्यांतल्या एका पेटीवर ‘जेबीएल’ ही अक्षरे आहेत. ती एका माणसाच्या नावाची आहेत हे कळल्यावर मी त्याचे चरित्र शोधून वाचले.

जेम्स लान्सिंग यांचा जन्म 14 जानेवारी 1902 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. मूळ आडनाव मार्टिनी. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. यंत्रे उघडून पाहण्याचा नाद लहानपणापासूनचा. तरुणपणी त्यांनी मोटारी दुरुस्त केल्या. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. 1924 साली आई वारली आणि त्यांनी घर सोडले. 1927 साली केन डेकर या मित्राबरोबर लॉस एंजलिसला लाउडस्पीकरचा कारखाना काढला व लान्सिंग हे नाव धारण केले. बोलपटांचा जमाना तेव्हा नुकताच सुरू होत होता.

चित्रपटगृहांत खर्जाच्या आवाजासाठी एक कर्णा आणि बारीक आवाजासाठी दुसरा, अशी योजना पुढे आली. खर्जाचा कर्णा लांबलचक, बारीक आवाजाचा आखूड. त्यामुळे एकाच क्षणी निघालेले दोन आवाज मागेपुढे पोचत. ध्वनी सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो. 8 फुटांचा फरक म्हणजे सेकंदाचे सुमारे सात हजारांश. गाण्यात हे लपून जाई. पण टॅप नृत्यात बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू येई. एमजीएम कंपनीचे डग्लस शिअरर आणि जॉन हिलिअर्ड यांनी खर्जाचा मार्ग आखूड केला व दोन्ही आवाजांची अंतरे जवळजवळ सारखी केली. या योजनेला लागणारे स्पीकर लान्सिंग यांच्या कारखान्याने घडविले. 1936 सालचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार शिअरर व त्यांच्या विभागाला मिळाला. त्यात लान्सिंग यांचे नाव नव्हते.

1939 साली डेकर विमान अपघातात गेले. हिशेब सांभाळणारा माणूस गेला आणि कारखान्याची घडी विसकटली. 1941 साली तो अल्टेक कंपनीने घेतला. तेथे लान्सिंग यांनी 15 इंची स्पीकरच्या पोटातच बारीक आवाजाचा स्पीकर बसविला. दोन्ही आवाज एकाच मध्यातून बाहेर पडू लागले. ध्वनिमुद्रणगृहांतून ही रचना पुढे कित्येक वर्षे वापरात राहिली.

1946 साली त्यांनी पुन्हा स्वतःचा कारखाना काढला. पण लान्सिंग हे नाव आता अल्टेकच्याही पाटीवर होते. त्यांनी हरकत घेतली, आणि स्वतःच्याच नावासाठी या माणसाला तडजोड करावी लागली. स्पीकर उत्तम निघत, कर्ज मात्र फिटेना. सप्टेंबर 1949 मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांच्या नावाची अक्षरे आज गावोगावच्या मांडवांत आहेत.

हे वाचताना मला गेल्या वर्षीचे आमच्या गावचे नाटक आठवले. संवाद गिचमिड ऐकू येत होते. मी शिकलेला, म्हणून आवाज वाढवायला सांगितला. गोंधळ अधिकच झाला. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या खांबावरचा भोंगा त्यांनी सोडविला आणि वीसेक फूट मागे, खर्जाच्या पेटीवर आणून बांधला. शब्द स्वच्छ झाले. तेव्हा मला तो योगायोग वाटला होता.

परवा मी त्यांना विचारले, हे कुठे शिकलात? ऐकून ऐकून, एवढेच ते म्हणाले आणि दोरी गुंडाळू लागले.

या वर्षीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मी खरे तेच लिहिले आहे.