शब्दांचा पारखी : हेन्री फाउलर

आपल्या वडोद्यातील जुन्या मराठी घरांत इंग्रजी अर्ज लिहिताना ‘बाय’पेक्षा ‘पर्चेस’ आणि ‘बिगिन’पेक्षा ‘कमेन्स’ भारदस्त मानण्याची चाल होती. हा मोह खुद्द इंग्लंडातही होता. त्याच्याशी आयुष्यभर झुंजलेल्या हेन्री वॉटसन फाउलर या शाळामास्तराचे चरित्र मला फार आवडते.

फाउलर यांचा जन्म १८५८ सालचा. ऑक्सफर्डला शिक्षण झाल्यावर त्यांनी सेडबर्गच्या शाळेत सतरा वर्षे अध्यापन केले. पुढे वसतिगृहाचे प्रमुखपद मिळण्याची वेळ आली. पण त्यासाठी मुलांची ख्रिस्ती धर्मविधीची तयारी करून घेणे भाग होते. मनात श्रद्धा नसता ते शिकवणे त्यांना पटेना. १८९९ साली त्यांनी नोकरीच सोडली.

१९०३ साली ते गर्न्सी बेटावर गेले. तेथे धाकटे बंधू फ्रान्सिस टोमॅटोची लागवड करीत. दोघांनी मिळून १९०६ साली ‘द किंग्ज इंग्लिश’ आणि १९११ साली ‘कन्साइज ऑक्सफर्ड’ कोश सिद्ध केला.

भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. पण भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. एक रात्रीचा, दुसरा सकाळचा. शिष्याला हे समजावताना मला फाउलर आठवतात. समानार्थी शब्दांतही त्यांनी स्थळ आणि प्रसंग पाहिला. ‘हेल्प’च्या जागी ‘असिस्ट’, ‘स्वेट’च्या जागी ‘पर्स्पायर’ म्हणणे त्यांना उसनी सभ्यता वाटे. आपणही घरी जेवतो आणि पत्रिकेत भोजन करतो. पण घरच्या पंगतीत कोणी ‘भोजन करा’ म्हणू लागला तर हसूच येईल. प्रांतभेदाबाबतही फाउलर बंधूंची दृष्टी निर्मळ होती. शरद ऋतूला अमेरिकन लोक ‘फॉल’ म्हणतात, इंग्रज ‘ऑटम’. बंधूंनी ‘फॉल’ हाच सरस ठरवला. मात्र इंग्रजांनी तो स्वतः टाकून दिल्यामुळे त्यावरचा हक्क गमावला, असेही बजावले.

महायुद्ध आले तेव्हा १९१५ साली सत्तावन्न वर्षांच्या हेन्रींनी आपले वय चव्वेचाळीस सांगून सैन्यात नाव घातले. शब्दाला इतका जपणारा मनुष्य एवढे एक असत्य बोलला, तेही संकटात उडी घेण्यासाठी! फ्रान्सिसही सोबत होते. त्यांना सैन्यात क्षयाने गाठले आणि १९१८ साली ते वारले. दोघांनी मिळून योजलेला मोठा ग्रंथ हेन्रींनी एकट्याने पुरा केला आणि बंधूच्या स्मृतीस अर्पण केला. ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ तो हाच. तो निघाला १९२६ साली, हेन्रींच्या अडुसष्टाव्या वर्षी. त्या वयातही ते रोज सकाळी धावायला आणि पोहायला जात.

पन्नासाव्या वाढदिवशी ज्यांच्याशी विवाह झाला त्या पत्नी जेसी १९३० साली निवर्तल्या. २६ डिसेंबर १९३३ रोजी सॉमरसेटमधील हिंटन सेंट जॉर्ज या खेड्यात फाउलरही गेले.

त्यांचे काही निर्णय आज जुने झाले आहेत. इंग्रजी पुढे गेली, आणि जावीच. पण जे मनात नाही ते जिभेवर आणू नये, या एकाच कसोटीवर त्यांनी नोकरीही तोलली आणि शब्दही. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या आपल्या घरांनी त्यांच्याकडून एवढे तरी घ्यावे.