पश्चिम विभागाचा चक्रव्यूह भेदणारे प्रा. देवधर

संस्कृतचे प्राध्यापक आणि क्रिकेटचे कर्णधार या दोन भूमिका एकाच व्यक्तीने आयुष्यभर निभावाव्यात, हे पुण्यातच घडू शकले असते. प्रा. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पहिल्या महायुद्धापूर्वी हाती धरलेली बॅट दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच खाली ठेवली. भारतीय क्रिकेटचे पितामह ही उपाधी त्यांना लाभली. मात्र त्यांच्या कारकिर्दीकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. कोणी खेळायचे, कोणी नेतृत्व करायचे आणि कोणत्या संघाने पुढे जायचे, हे ठरवण्याच्या साऱ्या पद्धती या एका आयुष्याने अनुभवल्या. त्यांतील काहींचा देवधरांना लाभ झाला, तर काहींनी त्यांची वाट अडवली.

देवधर ऐन उमेदीत असताना देशातील सर्वांत मोठी स्पर्धा होती मुंबईची चौरंगी. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ तीत उतरत. संघ जमातीचा, आणि त्याची निवड जिमखान्याची. हिंदू संघातही गुणवत्तेइतकाच जातीचा विचार होत असे. पालवणकर बाळू हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ गोलंदाजांपैकी एक, परंतु चर्मकार समाजातील असल्याने कर्णधारपद त्यांच्यापासून कायम दूर ठेवले गेले. १९२० च्या स्पर्धेत तर बाळूंना प्रारंभी संघातूनच वगळण्यात आले. नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडले, तेव्हा बाळूंचे बंधू विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व जाईल अशी अपेक्षा होती. ते गेले देवधरांकडे. विठ्ठल आणि शिवराम या दोघा पालवणकर बंधूंनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली.

पुढे तडजोड झाली. अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून त्यांच्या हाती संघ सोपवला. विठ्ठल यांना कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडले. निवडीतील अन्याय ज्याच्या पदरात पडतो त्याला तो सलतो. ज्याला त्याचा लाभ होतो त्याच्या चरित्रात मात्र त्याची नोंद बहुधा एका ओळीत उरकली जाते. देवधरांच्या चरित्रातील हे पान म्हणूनच ओलांडून जाता येत नाही.

देवधरांच्या गुणवत्तेबद्दल मात्र शंका नव्हती. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला असता अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या. त्याच महिन्यात सी. के. नायडू यांनी हिंदू संघाकडून १५३ धावांची वादळी खेळी केली होती. भारतीय फलंदाज कसोटीच्या तोडीचे आहेत, हे या दोन खेळींनी सिद्ध केले. १९२८ मध्ये क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला रवाना झाला. दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते, ते राजपदामुळे. चाळिशीत पोहोचलेल्या देवधरांना मात्र संघात स्थान नव्हते. ते कधीच अधिकृत कसोटी खेळू शकले नाहीत. वयाचा हा हिशेब किती चुकीचा होता, हे त्यांनी पुढच्या बारा वर्षांत दाखवून दिले.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक सुरू झाला. जमातीची जागा प्रांताने घेतली, हा मोठाच बदल होता. देशाचे चार विभाग पाडून प्रत्येक विभागातून एकच विजेता पुढे जाणार, अशी रचना होती. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसे. प्रत्यक्षात विभागांची ताकद सारखी नव्हती. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, नवानगर आणि वेस्टर्न इंडिया हे सारे संघ पश्चिम विभागात एकवटले होते. पहिल्या १० हंगामांपैकी ८ वेळा करंडक याच विभागात आला : मुंबईकडे ३ वेळा, महाराष्ट्राकडे २ वेळा आणि उरलेल्या तीन संघांकडे प्रत्येकी एकदा. म्हणजे देशातील पाच अव्वल संघ एकाच दारातून बाहेर पडण्यासाठी झुंजत होते आणि त्यांतील चौघांना दरवर्षी दारातच थांबावे लागत होते.

देवधरांचे नेतृत्व या चक्रव्यूहात उजळून निघाले. १९३९-४० मध्ये पुण्यात झालेल्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला नमवून महाराष्ट्राने प्रथमच करंडक जिंकला. त्याच हंगामात तरुण विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. पुढच्या वर्षी मद्रासला त्यांच्याच शहरात हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. परंतु त्या हंगामाची खरी लढाई अंतिम सामन्याच्या कितीतरी आधी पुण्यात झाली होती. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यांत ४८ वर्षांच्या कर्णधाराचा वाटा २४६ धावांचा. मुंबईने के. एम. रांगणेकर यांच्या द्विशतकाच्या बळावर पाठलाग केला आणि डाव ६५० वर संपला. पहिल्या डावातील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. ६५० धावा करणाऱ्या मुंबईचा हंगाम तिथेच संपला.

हा न्याय उलटही फिरत असे. हजारे बडोद्याकडे गेले आणि १९४२-४३ मध्ये बडोदा विजेता ठरला. १९४३-४४ मध्ये मुंबईच्या विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा केल्या. तरी त्या वर्षी मुंबईलाही पश्चिमेबाहेर पडता आले नाही, करंडक वेस्टर्न इंडियाने नेला. देवधर मात्र थकले नव्हते. १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध पुण्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०५ आणि १४१. तेव्हा त्यांचे वय ५२ होते. ८१ प्रथम श्रेणी सामन्यांत साडेचार हजारांवर धावा जमवून त्यांनी निवृत्ती घेतली. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनची राष्ट्रीय अजिंक्यपदे घरी आणली.

देवधर पुढे राष्ट्रीय निवड समितीवर होते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषवले. याच काळात विभागीय रचनेचा सर्वांत मोठा फटका त्यांच्याच महाराष्ट्राला बसला. १९५७-५८ पासून विभागात साखळी सामने सुरू झाले, पण पुढे जाणारा संघ एकच राहिला. १९५८-५९ पासून मुंबईने सलग १५ वर्षे करंडक जिंकला. त्यामुळे इतर विभागांतील तुलनेने दुबळे संघ बाद फेरीत दिसत असताना महाराष्ट्र वर्षानुवर्षे घरी बसून राहिला.

अखेर १९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्याचे ठरले आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना रंगला तो मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात. मुंबईचे अनेक खेळाडू वेस्ट इंडिजमध्ये होते. तरीही सुधीर नाईक यांच्या संघाने ४८ धावांनी बाजी मारली. महाराष्ट्र हरला खरा, पण आधीच्या कित्येक हंगामांत त्याची जागा कुठे असू शकली असती याचे उत्तर त्या निकालाने दिले.

१९७३-७४ मध्ये विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला देवधरांचे नाव देण्यात आले. १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १९९२-९३ मध्ये विभागातून तीन संघ पुढे जाऊ लागले आणि त्याच हंगामात महाराष्ट्र अंतिम सामन्यात पंजाबकडून पराभूत झाला. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०२व्या वर्षात, देवधरांनी जगाचा निरोप घेतला. रणजी करंडकातील विभाग २००२-०३ मध्ये मोडीत निघाले आणि संघांची प्रतवारी कामगिरीवरून ठरू लागली. जमात, राजपद, वय आणि भूगोल या चारही चाळण्या पाहिलेल्या या कर्णधाराला ती पहाट मात्र पाहता आली नाही.