मालवणचे डॉ. रामकृष्णपंत भांडारकर

भगिनींनो, पुण्यास गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी भांडारकर संस्थेची पाटी पाहिली असेल. पण ज्यांच्या नावाची ती संस्था, ते आपल्या मालवणात जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मी शिकले सातवीपर्यंत, त्यामुळे त्यांच्या संस्कृत ग्रंथांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हातचे काम, मनाची आवड आणि घरची माणसे या तिन्हींचा मेळ त्यांनी कसा राखला, हे आपणां बायकांना समजण्याजोगे आहे.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ चा. त्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली होई तसा संसार हले. त्यामुळे मुलाचे शिक्षण राजापूर, रत्नागिरी असे होत पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर हेही होते.

कॉलेजात त्यांची गोडी गणिताची. शिक्षणखात्याच्या साहेबांनी सुचविले म्हणून ते संस्कृताकडे वळले, आणि मग त्यातच रमले. शास्त्रीबुवांपाशी बसून व्याकरण, न्याय असे विषय ते जुन्या पद्धतीने शिकले. हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी येथे हेडमास्तरकी केली, त्या सुमारास मुलांसाठी संस्कृतची दोन पाठ्यपुस्तके लिहिली. दीडशे वर्षे उलटली तरी ती छापली जातात. आपले शिकणे झाले की दुसऱ्याची वाट सोपी करावी, असा त्यांचा स्वभावच असावा.

पुढे एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकवीत असता एका पारशी गृहस्थाने त्यांच्याकडे एक ताम्रपट वाचायला आणला. लिपी जुनी, वाचता येईना. दुसऱ्या कोणी तो परत केला असता. हे जुन्या लिप्या शिकायला बसले! त्याच नादातून शिलालेख, नाणी यांचा अभ्यास वाढला आणि १८८४ साली त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास प्रसिद्ध झाला.

नोकरीत मात्र सारे गोड नव्हते. प्राध्यापकाचे काम ते समर्थपणे करीत असता १८७३ साली ती जागा विलायतेहून आलेल्या पीटर्सन साहेबांना मिळाली. रुसून बसले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण ते शिकवीत राहिले आणि सरकारसाठी जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करण्याचे कामही करू लागले. तेच काम पीटर्सनही करीत होते. गावोगावच्या माळ्यांवर कसरीने खाल्लेल्या पोथ्या अशा लोकांमुळे वाचल्या. १८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पुढे जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, आणि १८९३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मानाच्या गोष्टी इतक्याच सांगून पुरे करते, कारण मला त्यांची थोरवी दिसते ती घरात.

त्यांची एक मुलगी विधवा झाली. त्या काळी विधवेचे जिणे कसे होते, ते आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. स्त्रियांच्या सुधारणेवर सभेत बोलणारे तेव्हा पुष्कळ होते, घरी वेळ आली की मागे सरणारेही पुष्कळ. रामकृष्णपंतांनी १८९१ साली आपल्या मुलीचा पुनर्विवाह करून दिला. जातीचा रोष पत्करला. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात मोठा वाद चालला होता. शास्त्र बुडाले अशी ओरड करणाऱ्यांना यांनी शास्त्रग्रंथांतलेच आधार काढून दाखविले, की मुलगी मोठी झाल्यावर लग्न करणे अशास्त्र नाही. आवड म्हणून उपसलेले ग्रंथ असे लेकीबाळींच्या उपयोगी पडले. मुलींसाठी पुण्यात हुजूरपागेची शाळा १८८४ साली निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. आपल्या घरच्या मुलींनाही त्यांनी शिकविले.

एवढ्या व्यापातही प्रार्थनासमाजाची उपासना त्यांनी सोडली नाही. तुकोबांच्या अभंगांवर ते भक्तीने निरूपण करीत. पोथ्यांची चिकित्सा करणारा माणूस अभंगात विरघळतो, ह्याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. दिवसभर हिशेब चोख ठेवणारी बाई संध्याकाळी देवापुढे भजन म्हणतेच की.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था निघाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला, आणि सरकारने डेक्कन कॉलेजातल्या हजारो पोथ्याही तिच्या स्वाधीन केल्या. संस्थेने महाभारताची शुद्ध आवृत्ती काढायचे ठरविले, तेव्हा १ एप्रिल १९१९ रोजी आरंभीचा नमनाचा श्लोक या वृद्ध गृहस्थांनी स्वहस्ते लिहून दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, ते गेले. ते काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले.