घाट, ठसा आणि मुद्रा : योशिदा हिरोशी

काशीच्या अमृतराव घाटाने राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांचे नाव राखले आहे. पायऱ्या घडविणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र त्या दगडांवरून कळत नाहीत. कलाकृतीवर नाव कोणाचे राहते, हा प्रश्न याच नदीकाठाचे चित्रण करणाऱ्या योशिदा हिरोशी या जपानी कलावंताच्या चरित्रातही मध्यवर्ती आहे.

हिरोशींचा जन्म १८७६ मध्ये कुरुमे येथे उएदा घराण्यात झाला. चित्रकला-शिक्षक योशिदा कासाबुरो यांनी १८९१ मध्ये त्यांना दत्तक घेतले. क्योतो आणि तोक्यो येथे त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि १८९९ मध्ये अमेरिकेत जाऊन जलरंगचित्रांवर कीर्ती मिळविली. काष्ठमुद्राचित्रांकडे ते वळले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. १९२० मध्ये प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांच्यासाठी त्यांनी पहिली रेखाटने केली. परंतु १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत ते ठसे नष्ट झाले.

जपानी परंपरेत रेखाटणारा, लाकूड कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चार निराळे धनी असत. १९२५ पासून योशिदांनी प्रकाशकाला दूर सारून स्वतःची कार्यशाळा उभारली. कोरण्याची आणि छापण्याची कला त्यांनी स्वतः आत्मसात केली, कुशल कारागीर पदरी ठेवले आणि प्रत्येक टप्प्यावर देखरेख केली. आपल्या देखरेखीखाली उतरलेल्या प्रतींवर ते ‘जिझुरी’, म्हणजे स्वमुद्रित, अशी मुद्रा उमटवीत. निक्को येथील योमेइमोन द्वाराचे १९३७ चे चित्र छापताना कागदावर ९६ वेळा ठसे उमटवावे लागले. एवढे श्रम एकट्या हातांचे नव्हते. त्या मुद्रेतील ‘स्व’ अनेकांच्या कौशल्यावर उभा होता.

१९३०-३१ मध्ये पुत्र तोशी यांच्यासह त्यांनी भारताचा प्रवास केला. त्यातून काशीचा घाट, ताजमहाल, वेरूळ, अजिंठा यांची मुद्राचित्रे निर्माण झाली. वास्तू जशीच्या तशी ठेवून रंग पालटावेत आणि दिवसाची रात्र करावी, हे त्यांचे वैशिष्ट्य ताजमहालाच्या मालिकेत विशेष खुलले. वास्तूच्या वैभवाइतकेच त्यांचे लक्ष तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाकडे होते. यामुळेच त्यांचा भारत परक्या प्रवाशाच्या नवलाईपुरता उरत नाही.

१९३९ मध्ये त्यांनी मुद्रणतंत्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास युद्धचित्रकार म्हणून ते चीनमध्येही गेले. ही बाजू चरित्रातून वगळता येत नाही. १९५० मध्ये तोक्यो येथे त्यांचे निधन झाले. पत्नी फुजिओ स्वतः समर्थ चित्रकर्ती होत्या. तोशी आणि होदाका या पुत्रांनी मुद्राचित्रांची साधना चालविली, तरी होदाकांनी अमूर्ताकडे वळून पित्याची वाट सोडली.

योशिदांनी कलावंताला त्याच्या कृतीचे स्वामित्व मिळवून दिले, हे त्यांचे थोर कार्य होय. परंतु घाटावरील नावामागे जसे पाथरवट, तसेच त्या मुद्रेमागे कारागीर उभे आहेत. वारसा सांगताना दोघांचीही गणना झाली पाहिजे.